जुन्या रस्त्याच्या साइडपट्ट्या १२ जानेवारीच्या आत भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समृद्धी महामार्गाबद्दल आपल्या दैनिकात वरचेवर छापून येतं आणि मी ते वाचतो. मला लिहायचंय ते मात्र जुन्या रस्त्याबद्दल. वर्धा, पुलगाव, तळेगाव दशासर, कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना असा जो रस्ता जातो, त्यावर मी २७ वर्षं एसटीची गाडी चालवली. त्यातली बरीचशी रात्रीची ड्युटी. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आता दरसाल दिवाळी सरली की याच रस्त्यानं मी एकटा मोटारसायकलवर पुण्याला धाकट्या मुलीकडे जातो. सौ. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं जाते, कारण गुडघ्यांमुळे तिला मागच्या सीटवर बसवत नाही. मला मात्र रस्ता स्वतः चालवल्याशिवाय पुण्याला पोचल्यासारखं वाटत नाही. यंदाच्या प्रवासातला पहिला दिवस लिहून पाठवतोय. पत्र लांबलं तर सांभाळून घ्यावं.

गाडी माझी २००८ सालची स्प्लेंडर. निघण्याआधी आठवडाभर ती मी घरच्या अंगणात उघडून ठेवतो. चेन रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, तेल देऊन बसवली. ब्रेकशू बदलले, क्लचची केबल नवीन टाकली आणि जुनी डिकीत ठेवली, कारण जुनी केबल वाटेत घरापर्यंत आणून सोडते. एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, प्लग, पाने, बॅटरी, पाण्याची बाटली, दशम्या आणि ठेचा. एवढं सामान मागच्या सीटवर रबरी पट्ट्यानं आवळलं आणि नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी पहाटे साडेपाचला किक मारली.

समृद्धीनं का जात नाही, असं मला कुणीकुणी विचारतं. त्यांना ठाऊक नसतं की तिथे दुचाकीला बंदी आहे. नागपूर ते आमणे असा ७०१ किलोमीटरचा तो रस्ता. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना तिथे प्रवेश नाही आणि ही बंदी मला पटते. ताशी १२० नं चारचाकी बाजूनं गेली की शंभर सीसीची गाडी वाऱ्यानंच हातभर सरकते. मी ती बंदी उठवा म्हणणार नाही. पण बंदी घातली तेव्हाच ठरलं की नागपूरकडून पश्चिमेला जाणाऱ्या दुचाकीवाल्याला हा जुना रस्ताच आहे. मग तो त्याच्यासाठी राखायला नको का? वर्ध्याहून पुण्याला दुचाकीवर जाणारे माझ्यासारखे थोडेच. पण मेहकरच्या बाजारात पोराला टाकीवर बसवून जाणारं जोडपं, दुधाचे कॅन लटकवून निघालेला माणूस, कॉलेजला जाणाऱ्या मुली, वेचणीच्या मजुरांना शेतात सोडणारा शेतकरी, हे सगळे याच रस्त्यावर असतात आणि रोज असतात.

पुलगावला उजाडलं. वर्धा नदीच्या पुलावर धुकं इतकं होतं की पाणी दिसत नव्हतं, नुसता गारवा पायाला लागत होता. पूल ओलांडला की अमरावती जिल्हा. शंकरपटाच्या तळेगावात चहा घेतला. इथून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाभळी आहेत आणि या दिवसांत त्यांच्या काट्यांना कापसाचे पुंजके लागलेले असतात. भरून चाललेल्या गाड्यांमधला कापूस फांद्यांना घासून अडकतो. एसटीच्या केबिनमधून ते मला कधी दिसले नव्हते. बसचा ड्रायव्हर उंचावर बसतो, त्याची नजर दोनशे मीटर पुढे असते. दुचाकीवर बसल्यावर रस्ता पायाखाली येतो. डांबराचा वास येतो, तुरीच्या फुलांचा येतो, एखाद्या गावाबाहेर जळत्या कचऱ्याचाही येतो.

कारंज्याला गुरुमंदिरात नृसिंह सरस्वतींचं दर्शन घेऊन लगेच निघालो. शेलूबाजार आणि मालेगाव दहाच्या आसपास मागे पडले. या पट्ट्यात समृद्धी कधी डावीकडे, कधी उजवीकडे सोबत येतो आणि काही ठिकाणी जुना रस्ता त्याच्या पुलाखालून जातो. त्या पुलाखाली मी जरा थांबलो. डोक्यावरून गाड्या जात होत्या. दिसत काही नव्हतं, फक्त घों घों आवाज आणि पाठोपाठ सांध्यावरून चाकं गेल्याचा खट्ट. खाली सावलीत शेळ्या बसलेल्या. त्या पुलाच्या अलीकडे पूर्वी एक हॉटेल होतं, तिथे आमच्या रातराण्या दोन वाजता थांबायच्या. मालक बाहेर लोखंडी पिंप ठेवून पाणी तापवायचा, थंडीत ड्रायव्हर-कंडक्टरला तोंड धुवायला. आता पत्रे उतरलेत आणि भट्टीच्या जागी एरंड वाढलाय.

मेहकरला बारा वाजून गेले होते. शारंगधर बालाजीच्या मंदिरात काळ्या पाषाणातली ती उभी मूर्ती पाहिली की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. बाहेर सावलीत दशमी खाल्ली आणि अर्धा तास पाठ टेकली. हा माझा ठरलेला नेम आहे. लांबच्या प्रवासात दुपारी डोळे जड होतात. बसमध्ये मागून प्रवाशांचं बोलणं, घंटी, उतरणं-चढणं यांनी माणूस जागा राहतो. एकट्या दुचाकीवाल्याला उठवणारं कुणी नसतं.

आता मुद्द्यावर येतो. हा रस्ता पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो. म्हणजे सकाळभर ऊन पाठीवर आणि दुपारी तीननंतर थेट डोळ्यांत. नोव्हेंबरात सूर्य खालीच असतो. हेल्मेटची काच धुळीनं भरलेली असली की समोर सगळं पांढरं होतं आणि डांबर कुठे संपतं ते कळत नाही. कडेला पांढरा पट्टा ठळक असेल तर त्याच्या आधारानं चालवता येतं. बऱ्याच ठिकाणी तो पट्टा पुसून गेलाय.

मेहकरच्या पुढे एका वळणाच्या अलीकडे समोरून एक चारचाकी ट्रकला ओव्हरटेक करत माझ्या बाजूला आली. मी अप्पर-डिप्पर दिला, त्यानं उलट अप्परच लावला. मला डावीकडे उतरणं भाग होतं. उतरायला साइडपट्टी हवी आणि ती तिथे नव्हती. डांबराची कड तुटून खाली जवळजवळ वीतभर खड्डा पडला होता. पुढचं चाक धाडकन खाली गेलं. अशा वेळी माणूस घाबरून हँडल उजवीकडे ओढतो, चाक कडेला घासतं, वर चढत नाही आणि गाडी आडवी होऊन माणूस मागून येणाऱ्या गाडीपुढे पडतो. मी पुढचा ब्रेक सोडला, अॅक्सिलेटर बंद केला आणि हँडल सरळ धरून गाडी मातीतच चालू दिली. पुढचं चाक वाचलं. मागचं एका दगडावर आदळलं आणि चार-पाच मीटरवर गाडी मागे डुलायला लागली.

साइडपट्टी म्हणजे काय हे रोज रस्त्यावर नसलेल्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल. डांबराच्या कडेला जी मुरुमाची पट्टी असते ती. तिचा माथा डांबराच्या बरोबरीत हवा, म्हणजे चाक उतरलं तरी परत चढतं. पण दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो, रस्ता दोन-तीन इंच उंच होतो आणि पट्टी तिथेच राहते. असे दोन-तीन थर झाले की पायरी तयार होते. वरून पावसाळ्यात मुरूम वाहून जातो. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे डांबराची कडही खालून पोकळ होऊन तुटते. पावसाळा संपला की मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवायचा, एवढं साधं काम आहे. पूर्वी मैलकुली फावडं-टोपलं घेऊन हे करताना मी रोज पाहिलेत. आम्ही त्यांना केबिनमधून हात करायचो.

ट्यूब माझ्याजवळ होती, लिव्हर होते. पण तिथे गाडी मधल्या स्टँडवर लावायला जागाच नव्हती, डाव्या हाताला उतार आणि उजव्या हाताला ट्रक. म्हणून भर उन्हात दीड-दोन किलोमीटर गाडी ढकलत गेलो. मग निंबाखाली एक पंक्चरचं दुकान लागलं. चार बांबू, वर ताडपत्री, एक कॉम्प्रेसर. चाळिशीतला माणूस आणि त्याचा शाळेतून आलेला मुलगा.

“कुठं चालले काका?”

“पुण्याले.”

“या गाडीवर? अन् एकटेच?”

त्यानं चाक काढलं, टायर उलगडला आणि ट्यूबमध्ये हवा भरून ती अर्ध्या कापलेल्या पिंपातल्या पाण्यात फिरवली. एके ठिकाणी बुडबुड्यांच्या दोन धारा वर आल्या, बोटभर अंतरावर, शेजारी शेजारी. पोरानं बॉलपेननं दोन्हींवर फुली केली. “पट्टीवरून उतरले ना?” तो म्हणाला. खिळा घुसला तर एक भोक पडतं. रिम दगडावर दाबून ट्यूब चिमटली की अशी जोडी पडते. मी काही सांगायच्या आधी त्याला कळलं होतं.

पॅच वाळेपर्यंत मी बाजूच्या खोक्यावर बसायला गेलो, तर ते खोकं भरलेलं होतं. पुठ्ठ्याचं मोठं खोकं आणि त्यात मोटारसायकलींचे फुटके आरसे. वाकलेले ब्रेकचे लिव्हर, इंडिकेटरच्या केशरी काचा, मोडके फूटरेस्ट. एका आरशाच्या दांडीला अजून लिंबू-मिरची बांधलेली. “हे काय भाऊ?” म्हटलं. तो म्हणाला, “पडतेत ना काका इथं. गाडी घेऊन येतेत, मी नवं लावून देतो, जुनं असंच राहते.” मग जरा थांबून म्हणाला, “आधी रात्रभर ट्रक उभे राहत होते. आता सारे वरून जातेत. माझ्याकडं राहिले ते हे.”

तो आरसा मी हातात घेतला, त्यात माझा चेहरा दोन तुकड्यांत दिसला, आणि संपादक महोदय, मला जे आठवलं ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. २७ वर्षांत माझ्या हातून एकही प्राणांतिक अपघात झाला नाही. डेपोत त्याबद्दल माझा सत्कार झाला, बिल्ला मिळाला. पण समोरून गाडी येत असताना ओव्हरटेक करायचा झाला, वेळ गाठायची असली, की मी हॉर्नवर हात ठेवून समोरच्या दुचाकीवाल्याला पट्टीवर उतरवलंय. एकदा नाही, रोज. मोठी गाडी आली की लहानानं उतरायचं असं आम्ही धरूनच चालत होतो. तो उतरला, पुढे त्याचं काय झालं, हे मी कधी आरशात वळून पाहिलं नाही. वेळापत्रक पाहिलं. त्यातले किती जण माझ्या पाठीमागे पडले असतील, हे मला आता कधीच कळणार नाही. त्यांची मी या पत्रातून माफी मागतो. आज स्टिअरिंगवर असलेल्या माझ्या चालक भावांना हात जोडून सांगतो की पुढे दुचाकी दिसली तर दहा सेकंद तिच्या मागे राहा. वेळ पुढे भरून निघतो, आपल्याला सगळ्यांना ते माहीत आहे.

केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याचा २०२२ चा अहवाल आहे. त्या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली शंभरात ४४ हून जास्त दुचाकीवरची होती. मी हा आकडा वाचला तेव्हा मला हेल्मेट आठवलं होतं. हेल्मेट घाला, हे मी माझ्या भाच्यांना आजही दटावून सांगतो. पण त्या खोक्याजवळ बसल्यावर कळलं की डोक्यावर हेल्मेट असून चाकाखाली पायरी असेल तर ते अर्धंच काम आहे.

पंक्चरवाल्यानं एका पंक्चरचेच पैसे घेतले. “दोन्ही भोकं एकाच दगडाची,” म्हणाला. निघताना त्यानं विचारलं, तुम्ही एसटीत होते, कुठं सांगता येते का? मी म्हटलं, पेपरला लिहीन. त्याला दिलेला शब्द म्हणून हे पत्र.

दीड तास गेला होता. सिंदखेडराजाला पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते आणि लखुजीराव जाधवांच्या वाड्यावर शेवटचं ऊन होतं. जिजाऊंचं हे जन्मगाव, वाडा रस्त्याला लागूनच आहे. दरवेळी मी इथे चपला काढून आत जातो, यंदाही गेलो. याच तालुक्यात १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्या दिवशी सकाळी मला जुन्या सहकाऱ्यांचे किती फोन आले. आम्ही ड्रायव्हर लोक अशी बातमी वाचतो तेव्हा आधी वेळ पाहतो, कोणत्या वाजता झालं ते. त्या अपघातानंतर समृद्धीवर काय काय करायला हवं यावर सगळीकडे लिहून आलं आणि ते यायलाच हवं होतं. जुन्या रस्त्यावर एकेक करून माणूस जातो, त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींची असते.

दिवस बुडाल्यावर दुचाकी चालवायची नाही हा माझा दुसरा नेम. संभाजीनगर गाठायचं ठरलेलं, पण ते अजून नव्वदेक किलोमीटर होतं. म्हणून जालन्यालाच थांबायचं ठरवलं. तरी शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर संधिप्रकाशात करावे लागले. दिवा लावून उपयोग होत नाही, न लावून चालत नाही, अशी ती वेळ. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला मी आधीच वेग कमी करत होतो, तीसच्या खाली. डावीकडे पट्टा नाही, पट्टी नाही, नुसता अंधार. स्टीलच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा खांदे खाली आले. स्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. सौ.ला फोन केला आणि पंक्चर झालं एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी जालना-संभाजीनगर चौपदरी रस्ता लागला. कडेला पांढरा पट्टा होता. सकाळचं ऊन पाठीवर होतं आणि मी साठच्या वेगानं गाणं म्हणत गेलो, हेही नोंदवतो. चांगल्या रस्त्यावर दुचाकीवाला सुखरूप जातो.

माझं मागणं लहान आहे. रस्ता रुंद करा असं मी म्हणत नाही, नवीन डांबरही मागत नाही. जिथे जिथे डांबराची कड उघडी पडलीय तिथे मुरूम टाकून, दाबून, ती डांबराच्या बरोबरीला आणा. कडेचा पांढरा पट्टा मारा, वळणावर रिफ्लेक्टर लावा. आणि पुढच्या वेळी डांबराचा थर टाकायचं काम दिलं जाईल, तेव्हा पट्टी उचलण्याचं काम त्याच कामात धरा. ती नंतर करू म्हटलं की होत नाही, हे मी २७ वर्षं पाहिलंय. ज्यांच्या ताब्यात रस्ता आहे त्यांना मी दोन वर्षांपूर्वी असा अर्ज दिला होता. त्याची पोच माझ्याकडे आहे. मेहकरच्या पुढची नेमकी जागा मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मग तेवढीच एक भरली जाईल.

आणि घाई का, तेही सांगतो. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सव आहे. त्या दिवशी सिंदखेडराजाला विदर्भ-मराठवाड्यातून आणि त्याच्याही पलीकडून माणसं येतात, त्यात मोटारसायकलवर येणारी तरुण पोरं फार. एका गाडीवर दोघं, कधी तिघं, हाती भगवा, आणि सूर्योदयाच्या पूजेला पोचायचं म्हणून रात्रीच निघालेली. जानेवारीच्या थंडीत, अंधारात, याच कडेवरून. मी एसटीत होतो तेव्हा त्या रात्री जादा गाड्या घेऊन आलोय, त्या पोरांच्या दिव्यांची रांग मेहकरपासून पाहिलीय. पावसाळा केव्हाच संपला, मुरूम टाकायला हेच दिवस आहेत.

मी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात याच रस्त्यानं परत येणार आहे. मेहकरच्या अलीकडे त्या निंबाखाली थांबेन. हे पत्र छापून आलं तर त्याचं कात्रण त्या भावाला द्यायचंय, तेव्हा शक्य झाल्यास त्याआधी छापावं ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी चालक, वर्धा